तीन वर्षं, चार पिशव्या माती आणि ०.०८ टक्के कर्ब

पाचपैकी साडेतीन तारे देतोय. एक अख्खा तारा कुठं गेला आणि अर्धा कुठं, ते पुढं येईलच.

रिव्ह्यू आहे आमच्या तालुक्याच्या गावातल्या एका खाजगी माती परीक्षण प्रयोगशाळेचा. नाव घालत नाही, कारण चुकाही लिहायच्या आहेत आणि तिथल्या पोरांची चूल त्यावर पेटते. माती तपासायला जाताना काय बघावं, काय विचारावं आणि कशाला पैसे देऊ नयेत, एवढं कळलं तरी पुरे.

मी ३१ वर्षं एसटीत कंडक्टर होतो. २०१९ च्या मे महिन्यात रिटायर झालो आणि ऑगस्टात कृष्णा थेट गोठ्यापर्यंत आली. पुराच्या पाण्यानं माझी शेती सुरू झाली म्हणा. तीन एकर रान, सगळा ऊस, जात ८६०३२. वडील होते तोवर ते बघायचे, नंतर वाटेकरी बघायचा, मी फक्त कारखान्याचं बिल बघायचो. स्वतः रानात उतरल्यावर जो तो एकच सांगू लागला, ‘पाव्हणं, तुमच्या रानात कर्ब राहिला नाही.’ खताच्या दुकानात कर्ब, पारावर कर्ब, कारखान्याच्या मेळाव्यात कर्ब. पण हा कर्ब, म्हणजे कार्बन, नक्की काय आणि तो माझ्याकडं किती आहे, हे कुणी सांगेना. तिकीट दाखवल्याशिवाय मी कुणावर विश्वास ठेवत नाही, ती जुनी सवय. म्हणून तपासायचं ठरवलं.

मार्च २०२२. विहिरीकडच्या एकराचा ऊस नुकताच तुटून गेला होता. प्रयोगशाळेला फोन केला. मूळ तपासणी ३०० रुपये, सूक्ष्म अन्नद्रव्यं धरून ६००, आणि घरी येऊन नमुना न्यायचे १५० जादा. मला भाचीच्या लग्नाला जायचं होतं, म्हटलं नेऊ द्या.

इथं तो एक तारा गेला.

मोटरसायकलवर एक पोरगा आला. आमच्या सौ. नी गोठ्याच्या मागून बघितलं. त्यानं गाडीचं स्टँड लावलं, बांधाच्या कडेला खुरप्यानं चार टोकरं मारली, पिशवी भरली आणि पाच मिनिटांत गेला. ती जागा म्हणजे आमचा जुना उकिरडा. दोन वर्षांपूर्वी हलवला होता, पण माती अजून शेणाचीच. आठ दिवसांनी रिपोर्ट आला, सेंद्रिय कर्ब १.२६ टक्के, शेरा ‘जास्त’. मला काय कळतंय, मी खूश. कागद खिशात घालून दोन दिवस फिरलो. आमच्या गावचे कृषी सहायक पारावर भेटले, त्यांना दाखवला. ते कागदाकडं न बघता माझ्याकडं बघून हसले. म्हणाले, ‘काका, या काठाला पॉइंट पाचच्या वर गेलं तर आम्ही सत्कार करतो. माती कुठली दिली?’

तर पहिली गोष्ट ही की नमुना स्वतः घ्या. एकरात सात-आठ जागा नागमोडी धरायच्या. वरचा पालापाचोळा बाजूला करून सहा इंच खोल ‘व्ही’ आकाराचा खड्डा घ्यायचा आणि त्याच्या एका अंगाची बोटभर जाडीची चकती वरपासून खालपर्यंत कापायची. सगळ्या जागांची माती प्लास्टिकच्या घमेल्यात एकत्र करून ढीग करायचा, त्याचे चार भाग पाडायचे, समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे, पुन्हा मिसळायचं, पुन्हा चार भाग. अर्धा किलो उरेपर्यंत हेच. बांध, झाडाखाली, विहिरीजवळ, उकिरड्याची जागा, नुकतं खत टाकलेली सरी, यातलं काही घ्यायचं नाही. सावलीत वाळवून कापडी पिशवीत घालायची. मला अख्खी सकाळ लागली. अर्धा किलो मातीवरून एका एकराचा निकाल लागणार, आणि एका एकरात सहा इंचांपर्यंत माती असते साधारण नऊ लाख किलो. त्या पाच मिनिटांच्या पोराला हा आकडा कुणीतरी सांगायला हवा होता.

दुसरी पिशवी घेऊन मी स्वतः गेलो, पहिल्याचे पैसे परत मागायच्या तयारीनं. पैसे परत मिळाले नाहीत, दुसरी तपासणी फुकट करून दिली. आणि तिथं काचेच्या पलीकडं ज्या ताई काम करत होत्या, त्यांच्यामुळं हा रिव्ह्यू दीड ताऱ्यावर संपला नाही. म्हणाल्या, ‘काका, तुमचा विश्वास उडालाय ना? मग बसा इथं, तुमच्यासमोर करते.’

ही सोय फलकावर कुठं लिहिलेली नाही, पण मागितली तर मिळते. जरूर मागा.

वाळलेली माती खलात कुटून बारीक चाळणीतून काढली. मोजून चिमूटभर, एका ग्रॅमच्या आतच, काचेच्या चंबूत घातली. त्यावर नारिंगी रंगाचं पाणी, पोटॅशियम डायक्रोमेट. त्यावर जपून तीव्र गंधकाम्ल. चंबू एवढा तापला की ताईंनी तो फडक्यानं धरून एस्बेस्टॉसच्या चकतीवर ठेवला आणि म्हणाल्या, आता अर्धा तास चहा. मातीत मेलेल्या मुळ्या, पाला, शेण, जिवाणूंची मढी, यांच्यातला जो कर्ब असतो, तो त्या अर्ध्या तासात जळतो. ज्योत नाही, धूर नाही, पण जळणंच ते. कर्बाचा कर्बवायू (कार्बन डायऑक्साइड) होऊन उडून जातो आणि जाळताना जेवढं नारिंगी औषध खर्च होतं तेवढं हिरवं पडतं. मग पाणी घालून, दर्शक घालून, वरून ब्युरेटमधून, म्हणजे खुणा केलेल्या काचेच्या नळीतून, थेंब थेंब दुसरं द्रावण सोडतात. जांभळट निळा रंग असतो, आणि एका थेंबाला चंबू खट्‌कन हिरवा होतो. तो थेंब बघायला उभं राहा. मी ‘अरे!’ म्हणून ओरडलो होतो.

पण कर्ब मोजला कुठं? मी विचारलं. त्यांनी सांगितलं की कर्ब कुणी मोजतच नाही, उरलेलं नारिंगी औषध मोजतात. एका चंबूत माती न घालता सगळं तसंच करतात, तो सुरुवातीचा आकडा. मातीच्या चंबूचा तो शेवटचा आकडा. मधली वजाबाकी म्हणजे कर्बानं खाल्लेलं औषध.

एवढं ऐकलं आणि मला आमचं वे-बिल आठवलं. डेपोतून निघताना तिकिटांच्या गठ्ठ्याचे सुरुवातीचे नंबर लिहून देत, परत आल्यावर शेवटचे नंबर. वजाबाकी म्हणजे खपलेली तिकिटं. प्रवासी मोजायला डेपोत कुणी बसलेलं नसतं. फुकट्या प्रवासी या हिशोबात येत नाहीत, तसंच इथंही आहे. ही रीत सगळा कर्ब जाळू शकत नाही, १०० पैकी ७७ च्या आसपास जळतो असं धरून उत्तराला १.३ नं गुणतात. १९३४ साली वॉकली आणि ब्लॅक या दोघांनी ही पद्धत छापली आणि अजून तालुक्या-तालुक्यात तीच चालते. आमच्या जुन्या तिकीट पेट्या गेल्या, मशिनं आली, पण ही काचेची नळी टिकून आहे.

निकाल आला ०.४३. शेरा ‘कमी’. ०.५० च्या खाली कमी, ०.७५ पर्यंत मध्यम, त्यापुढं जास्त. उकिरड्याची हवा निघाली.

रिपोर्टात आणखी एक ओळ होती, ‘मुक्त चुना ९.५ टक्के’. ताई कागदाच्या पाठीवर आकडेमोड करत म्हणाल्या, चुनखडीच्या १०० भागांत १२ भाग कर्ब असतो. म्हणजे माझ्या रानात चुन्यात अडकलेला कर्ब १.१४ टक्के, सेंद्रियाच्या अडीचपट! मी म्हटलं मग तो का धरत नाही? त्यांनी वाळक्या मातीवर सौम्य आम्लाचे दोन थेंब टाकले. इनो टाकल्यासारखी माती फसफसली. तो बुडबुडा कर्बवायूचाच. पण चुन्यातला कर्ब आधीच जळून बसलेला आहे, प्राणवायूशी त्याची गाठ बांधून झाली आहे, त्यातून जिवाणूला काडीची ऊर्जा मिळत नाही. राखेला पुन्हा काडी लावून भाकरी भाजत नाही, तसं. काळी माती म्हणजे कर्बाची माती, हा माझा समजही त्याच दिवशी गेला. रंग काळाभोर आणि कर्ब अर्धा टक्काही नाही, अशी रानं दख्खनवर ढिगानं आहेत.

पावतीच्या मागं त्यांनी एक चित्रही काढून दिलं होतं, ते अजून माझ्या पाकिटात आहे. मधे क, चार बाजूंना चार रेघा. कर्बाला चार हात. दोन हातांनी दुसऱ्या कर्बांना धरून लांब साखळी करायची आणि उरलेल्या दोन हातांत हायड्रोजन, प्राणवायू, नत्र (नायट्रोजन), कुणालाही धरायचं. कधी साखळीचं टोक वळवून कडं करायचं. साखर, स्टार्च, लाकूड, शेण, आपलं रक्त-मांस, सगळा त्याच गड्याचा पसारा. मातीत कुजून उरलेले असे तुकडे चिकणमातीच्या कणांना धरून बसतात, माती रवाळ होते, पाणी धरते, खत धरून ठेवते. ज्या गड्याला चार हात आहेत त्याच्याकडून एवढी कामं होणारच. दहावीला विज्ञानाचे गुरुजी हेच सांगत असणार, पण तेव्हा माझं लक्ष खिडकीबाहेरच्या गाडीकडं असायचं.

भिंतीवर कर्बचक्राचा एक मोठा रंगीत तक्ता लावलाय. त्याबद्दल जरा तक्रार. त्यात बर्फाचे डोंगर, परदेशी गाई आणि कसलीशी सूचीपर्णी झाडं आहेत, उसाचं एक कांडंही नाही. सांगली जिल्ह्यात! पण त्यातला एक आकडा डोक्यात बसला. पृथ्वीवरच्या मातीत एक मीटर खोलीपर्यंत जेवढा सेंद्रिय कर्ब आहे, तो वरच्या सगळ्या हवेतल्या आणि सगळ्या झाडाझुडपांतल्या कर्बाच्या बेरजेपेक्षा जास्त आहे. आणि हवेतला कर्बवायू १९५८ साली हवाई बेटावर मोजायला लागले तेव्हा दहा लाख भागांत ३१५ च्या आसपास होता, आता ४२० च्या पुढं गेलाय. गाड्यांचा धूर त्यात आहेच, मी स्वतः ३१ वर्षं डिझेलच्या धुरात उभा होतो. पण नांगरून, जाळून मोकळी केलेली रानंही त्यात आहेत, हे मला माहीत नव्हतं.

आता रानाचं. आमच्याकडं ऊस गेला की चौथ्या दिवशी पाचटाला, म्हणजे रानात पडलेल्या उसाच्या वाळक्या पाल्याला, काडी. वडिलांनी लावली, वाटेकऱ्यानं लावली. शेजारचे अण्णा तर ठामपणे म्हणतात, ‘जाळलं की काळं होतंय, काळं म्हणजे कर्बच की.’ हे मी ताईंना विचारलं. उघड्यावर जाळलं की कर्ब बहुतेक सगळा वायू होऊन जातो, नत्र आणि गंधकही बरंचसं जातं, खाली राख राहते, तिच्यात पालाश असतो. काळं जे दिसतं ते थोडं. हवा बंद करून कोळसा केला तर गोष्ट वेगळी, तो मातीत शेकडो वर्षं टिकतो. पण अण्णांच्या काडीनं कोळसा होत नाही.

त्या वर्षी माझं पाचट अजून पडून होतं, काडी लावायची राहिली होती ती उकिरड्याच्या रिपोर्टाच्या गोंधळात. राहू दिलं. कुट्टी करून सऱ्यांत पसरलं.

आणि जून महिन्यात खोडवा, म्हणजे तुटलेल्या उसाच्या बुडख्यातून पुन्हा फुटलेला ऊस, पिवळा पडला.

इथं तो अर्धा तारा गेला. रिपोर्टाच्या मागच्या पानावर खताची शिफारस छापून येते, नत्र-स्फुरद-पालाश, किलोत. पण पाचट जाळणार की ठेवणार, हा प्रश्न कुणी विचारतच नाही. फॉर्मवर तो रकाना नाही. वास्तविक सगळा फरक तिथंच पडतो. पाचटात कर्ब ३२ ते ४० टक्के आणि नत्र जेमतेम अर्धा टक्का. जिवाणूंना एका भाग नत्राला पंचवीस-तीस भाग कर्ब लागतो, त्यापेक्षा कर्ब जास्त झाला की त्यांना नत्र कमी पडतं. पाचट म्हणजे त्यांना नुसत्या भाकरीची चळत वाढली, कोरड्यास नाही. मग ते कोरड्यास मातीतून उचलतात आणि ऊस उपाशी राहतो. पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्राच्या शिफारशीत हे सरळ लिहिलंय, टनभर पाचटाला ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारे जिवाणू. हे मला कारखान्याच्या मेळाव्यात कळलं, ३०० रुपये घेतलेल्या कागदावर नाही. दुसऱ्या वर्षापासून तसं केलं, पिवळेपणा आला नाही.

बाकी अडचणी प्रयोगशाळेच्या नाहीत, तरी सांगतो, कारण पाचट ठेवा म्हणणारे हे सांगत नाहीत. उंदीर वाढतात. पहिल्या पाण्याला सरीत पाणी पुढं सरकत नाही, दारं धरणारा गडी शिव्या घालतो. आणि वाळलेलं पाचट म्हणजे बारूद. २०२३ ला शेजारच्या रानातली काडी वाऱ्यानं इकडं आली, पाच सऱ्या गेल्या. बादल्यांनी विझवलं, माझ्या भुवया महिनाभर नव्हत्या.

मार्च २०२५. तीन खोडव्यांचं पाचट मुरलं होतं, शेणखताच्या दोन ट्रॉल्याही पडल्या होत्या. पुन्हा तपासायची वेळ. या वेळी मी एक खोडी केली. एकाच घमेल्यातली, एकाच ढिगातली माती दोन पिशव्यांत भरली. एकीवर माझं नाव, दुसरीवर सौ. चं माहेरचं नाव आणि माहेरचं गाव. दोन वेगवेगळ्या दिवशी दिल्या. तपासणीसाला न सांगता तपासायचं असतं, हे एसटीत आमच्या चेकिंग स्क्वॉडनं शिकवलंय.

माझा आला ०.४९. हिचा ०.५३.

खरं सांगू का, मला हे आवडलं. माणसाच्या हातानं, नळीनं, डोळ्याला रंग बघून केलेल्या कामात एवढं इकडं-तिकडं होणारच. दोन्ही आकडे हुबेहूब आले असते तर शंका घेतली असती. सरासरी ०.५१ धरतो. ताईंना नंतर कबुली दिली, त्या रागावल्या नाहीत, उलट वहीत नोंद करून ठेवली. म्हणाल्या, आम्हीही प्रत्येक खेपेला एक माहीत असलेली माती मधे घालतो.

पण गंमत पुढं आहे. ०.४९ म्हणजे ‘कमी’, ०.५३ म्हणजे ‘मध्यम’. त्यामुळं मागच्या पानावर माझ्या नावाला नत्राचा डोस २५ टक्के जादा आणि हिच्या नावाला नेहमीचा. माती तीच, घमेलं तेच! आमच्या घरात आता यावरून रोज टोमणा आहे. मशीन रकाना बघून डोस छापतं, आकडा बघून नाही. म्हणून मागचं पान डोळे झाकून वापरू नका, आकडा बघा आणि रान बघा.

तीन वर्षांत ०.४३ चे ०.५१. ऐकणारे म्हणतात, बस्स? हिशोब करून दाखवतो. नऊ लाख किलो मातीत ०.०८ टक्के म्हणजे ७२० किलो कर्ब. दर वर्षी पाचट पडलं साधारण साडेतीन टन, त्यात कर्ब सव्वा टन, तीन वर्षांचा पावणेचार टन. शेणखत आणि मुळ्या वेगळ्या. एवढं घालून शिल्लक ७२० किलो. म्हणजे पाच प्रवासी चढले तर शेवटच्या थांब्यापर्यंत एकच राहिला, बाकीचे मधे उतरून गेले. उतरले म्हणजे जिवाणूंनी, गांडुळांनी खाल्लं आणि श्वासावाटे कर्बवायू म्हणून सोडलं. आमच्या उन्हात, आमच्या पाण्यात हे जोरात चालतं. ते वाया गेलं असंही नाही, त्या खाण्यापिण्यातच रान भुसभुशीत झालं. आता पावसाच्या दुसऱ्या दिवशी सरीत पाणी साचलेलं दिसत नाही, आणि खोडवा काढताना कुदळीच्या एका घावाला चार-पाच गांडुळं निघतात. हे कुठल्या रकान्यात येत नाही.

आणि ऊस तरी काय नेतो? साखरेच्या ५० किलोच्या पोत्यात २१ किलो कर्ब असतो, उरलेलं हायड्रोजन आणि प्राणवायू. त्यातला कणभर कर्बही माझ्या मातीतला नाही, सगळा पानांनी हवेतून ओढलेला. ऊस या कामात पटाईत आहे. भात-गहू आधी तीन कर्बांचा तुकडा बनवतात, ऊस चार कर्बांचा, आणि कडक उन्हातही त्याची ओढ कमी होत नाही. हे १९६५-६६ च्या सुमारास हवाईत आणि ऑस्ट्रेलियात उसावरच काम करताना उलगडलं, हॅच आणि स्लॅक ही त्यातली नावं. म्हणजे कारखाना साखर नेतो तेव्हा हवा आणि पाणीच नेतो. पाचट माझंच असतं, रानातच पडलेलं असतं. त्याला काडी लावणं म्हणजे भरलेली गाडी डेपोच्या दारातच रिकामी करणं.

आता बाटलीचं. प्रयोगशाळेच्या बाहेरच्या खोलीत एक टेबल टाकलंय, तिथं रिपोर्ट हातात पडला रे पडला की एक गृहस्थ ‘कर्ब कमी आलाय ना?’ म्हणून लिटरची काळी बाटली पुढं करतात. ‘कर्ब वाढवा’ असं लेबल, आत १२ टक्के ह्युमिक (कुजलेल्या सेंद्रिय पदार्थातलं काळं आम्ल), किंमत ४८० रुपये, एकराला एक. मी चष्मा लावून लेबल वाचलं. १२ टक्के म्हणजे लिटरमागं १२० ग्रॅम ह्युमिक, त्यात कर्ब निम्म्याहून थोडा जास्त, धरा ६५ ग्रॅम. माझ्या एकरात कर्ब ०.१ टक्क्यानं वाढवायला लागतो ९०० किलो. भागाकार केला तर जवळजवळ १४ हजार बाटल्या, ६६ लाख रुपये. गृहस्थांना हा आकडा पावतीमागं लिहून दिला. ते म्हणाले, ‘काका, मुळ्या चांगल्या सुटतात.’ सुटत असतील. मग लेबलवर मुळ्या लिहा.

आणखी एक गोष्ट विचारून घ्या. ते नारिंगी औषध विषारी आहे, त्यातलं क्रोमियम ओढ्यात गेलं तर वाईट. प्रयोगशाळेच्या मागं ओढाच आहे, म्हणून मी सांडपाण्याचं विचारलं. ताईंनी निळा बंद ड्रम दाखवला, चंबू त्यातच रिकामे करतात आणि भरल्यावर तो उचलून नेतात. बेसिनची पाइप कुठं जाते तेही मी वाकून बघितलं. ड्रमबद्दल खात्री झाली म्हणून साडेतीनचे तीन केले नाहीत.

सरकारी मृदा आरोग्य पत्रिका आहे की, ती फुकट मिळते, असं काही जण म्हणतील. २०१५ ला राजस्थानातल्या सुरतगढला तिची सुरुवात झाली, बारा गोष्टी तपासून मिळतात, चांगलीच आहे, मी वापरतो. पण बागायती भागात त्यात अडीच हेक्टरच्या चौकटीला एक नमुना धरायची पद्धत होती. त्या चौकटीत माझा एकर, अण्णांचं जळकं रान आणि पलीकडची द्राक्षबाग सगळं येतं. तिघांना एकच आकडा. गावाची साधारण तब्येत कळायला ठीक, माझ्या पाचटाचं काय झालं ते कळायला स्वतःचीच पिशवी लागते.

बाकी किरकोळ. रिपोर्ट मराठीत आहे, अक्षर मोठं आहे, सामू, क्षारता वगैरे शब्दांचे अर्थ खाली दिलेत. व्हॉट्सॲपवर पीडीएफ येते. उरलेली माती सहा महिने जपून ठेवतात, ही फार चांगली सोय, वाद झाला तर तीच पिशवी पुन्हा तपासता येते. पार्किंग नाही, ट्रॅक्टर घेऊन जाऊ नका. बसायला एकच बाक, पंखा फिरतो पण वारा येत नाही. चहा चांगला.

ओढ्याकडच्या पट्टीची पिशवी परवा देऊन आलोय. जाणार असाल तर सोमवारी किंवा गुरुवारी सकाळी दहाच्या आत जा, ताई त्या दोन दिवशी स्वतः नळीवर असतात आणि समोर उभं राहू देतात. मंगळवारी बाटलीवाले गृहस्थ दारातच बसतात.